व्हिएन्नात राहताना : रोजच्या वाटेवरचं सुंदर काही

व्हिएन्नात येऊन मला नऊ वर्षं झाली. पहिली दोन वर्षं यू-6 मेट्रोनं कामावर जाताना मी मान वर करून काही पाहिलंच नाही. एकदा फोन घरी राहिला आणि योझेफश्टेटर श्ट्रासं स्टेशनवर गाडीची वाट बघताना नजर कठड्यावर गेली. हिरव्या लोखंडी पट्ट्यांच्या चौकटी आणि मधे सूर्यफुलासारखी चक्रं. पुढच्या पुलावर तीच, त्याच्या पुढेही तीच. मग शोधून वाचलं. ओटो वाग्नर या वास्तुकारानं शहराच्या रेल्वेची स्टेशनं, पूल, कठडे असं सगळं एकाच विचारानं बेतलं होतं आणि 1898 मध्ये त्यावर पहिल्या गाड्या धावल्या. सव्वाशे वर्षं लाखो लोक त्या कठड्याला धरून चढले-उतरले आहेत. तेव्हापासून मी जिना उतरताना हात कठड्यावर ठेवतेच.

या धाग्यावर तुम्हीही लिहा. क्लिम्ट या चित्रकाराचं 'चुंबन' हे चित्र आपण सगळ्यांनी पाहुण्यांना नेऊन दाखवलंय, त्याबद्दल लिहिलंत तरी चालेल. पण मला जास्त उत्सुकता आहे ती या शहरातली कुठली वस्तू, भिंत, आवाज किंवा जागा तुमची झाली, आणि कशी झाली, याची.

*

मी हॉटेलात स्वयंपाकी आहे, मूळचा रत्नागिरीकडचा. नाश्त्याची पाळी असते, म्हणून पहाटे पाचला नाशमार्केट या बाजाराच्या कडेनं चालत जातो. तिथे लिंकं व्हीनत्साइलंवर 40 नंबरची इमारत आहे, माजोलिकाहाउस. हीसुद्धा वाग्नरचीच, 1898 च्याच सुमाराची. समोरची सगळी भिंत टाइल्सची आणि त्यावर गुलाबी फुलांच्या वेली वरपर्यंत पसरलेल्या. टाइल्स का, तर भिंत धुता यावी म्हणून.

किचनमध्ये भिंतीला टाइल कशासाठी लावतात ते मला कुणी शिकवायला नको. फडका मारला की स्वच्छ. त्याच हिशेबानं कुणी अख्खी इमारत मढवली आणि मढवता मढवता बागही फुलवली, याचं मला अजून अप्रूप वाटतं. जानेवारीत, सगळं झाड-झुडूप वाळलेलं असताना, मी फुलं बघतो ती तिथेच.

*

माझ्या बाळंतपणाला आई वाईहून आली होती. तीन महिन्यांचा व्हिसा, बाहेर कडाक्याची थंडी, भाषा येत नाही. दिवसभर डिंकाचे लाडू, बाळाची मालीश आणि खिडकीतून दिसणारी ट्राम, एवढंच तिचं व्हिएन्ना. ती कधी बोलली नाही, पण मला कळत होतं. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, म्हणजे इथलं जुन्या चित्रांचं मोठं म्युझियम, गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. एका गुरुवारी नवरा लवकर घरी आला, बाळाला त्याच्याकडे सोपवलं आणि आईला घेऊन गेले.

पहिल्या काही दालनांत आईनं चित्रं पाहिली ती माझ्या समाधानासाठी. राजे, संत, राण्या. मग आम्ही ब्रुगेल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराच्या दालनात आलो. थोरल्या पीटर ब्रुगेलची डझनभर चित्रं इथे आहेत, इतकी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. मला तिला 'बर्फातले शिकारी' दाखवायचं होतं. आई मात्र दुसऱ्याच चित्रासमोर थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं, या बायका सागरगोटे खेळतायत!"

ते 1560 मधलं 'मुलांचे खेळ'. गावातल्या चौकात दोनशेहून जास्त मुलं आणि जवळजवळ ऐंशी खेळ. मी ते चित्र दहा वेळा तरी पाहिलं असेल. डाव्या कोपऱ्यात खाली बसलेल्या त्या दोघी मला कधी दिसल्याच नव्हत्या. त्यांच्याकडे आहेत ती जनावरांच्या पायातली छोटी हाडं, पण खेळ तोच. वर फेकायचं, खालचं उचलायचं, वरचं झेलायचं. आई एकेक ओळखत गेली. ही आंधळी कोशिंबीर. तो भोवरा. हे काठीनं चाक पळवतायत, तुझा मामा टायर पळवायचा तसं. ती इतकी पुढे वाकली की पहारेकरी जवळ आला. आईनं त्याला मराठीतच समजावलं, बोट दाखवलं आणि हवेत खडा उडवून झेलायची खूण केली. तो हसला आणि त्यानंही तळहात उलटा करून तीच खूण केली.

दुसऱ्या दिवशी दूध आणायला म्हणून गेलेली आई डोनाउ कालव्याच्या काठावरून पाच गुळगुळीत खडे घेऊन आली. बाळ झोपल्यावर गालिच्यावर बसून खेळली. बोटं संधिवातानं वाकडी झालेली, तरी दुहेरीपर्यंत गेली. ती वाईला परत गेली तेव्हा खडे खिडकीत ठेवून गेली. माझी लेक आता तीन वर्षांची आहे, तिला त्यातला एक झेलता येतो.

*

वरच्या ताईंचं वाचून मलाही लिहावंसं वाटलं. मी 16 वर्षांची आहे. इथे 19 वर्षांखालच्यांना सरकारी म्युझियम्स फुकट आहेत, त्यामुळे शाळेतून येताना मी कधीकधी ताईंच्या त्या म्युझियमसमोरच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये फक्त एकाच मूर्तीला भेटून येते. व्हिलेनडॉर्फची व्हीनस. 11 सेंटिमीटरची, अंधाऱ्या छोट्या खोलीत ठेवलेली. 1908 मध्ये डोनाउ नदीच्या वाखाऊ खोऱ्यात सापडली आणि जवळजवळ तीस हजार वर्षं जुनी आहे. तिला चेहरा नाही, पण डोक्याभोवतीचे ते गोल गोल पेड कुणीतरी एकेक करून कोरलेत. माझी आजी वेणी घालते तेव्हा मला ते आठवतं.

*

मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. आजोबा गिरणीत, वडीलही गिरणीत. 160 चौरस फुटांची खोली, आठ माणसं, संडास मजल्याच्या टोकाला. आमच्या चाळी 1920 च्या दशकातल्या. इथे हायलिगेनश्टाटला मी कामासाठी रोज उतरतो आणि स्टेशनबाहेर आलं की समोर कार्ल-मार्क्स-होफ. 1927 ते 1930 मध्ये नगरपालिकेनं कामगारांसाठी बांधलेलं. लांबी किलोमीटरहून जास्त, सुरुवातीला 1,382 घरं. दशक तेच. आत मोठमोठी अंगणं, झाडं, बालवाडी, सामायिक धुलाईघर, आणि संडास ज्याच्या त्याच्या घरात. कमानींच्या वर चार मूर्ती उभ्या आहेत, स्वातंत्र्य, शुश्रूषा, ज्ञानप्रकाश आणि शरीरसंवर्धन यांच्या. अशा प्रत्येक इमारतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की ही व्हिएन्ना नगरपालिकेनं अमुक साली बांधली.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला सुंदर वगैरे वाटलं नाही, राग आला. आजोबांसाठी बांधताना कुणाला कमान का सुचली नाही? तो राग अजून पूर्ण गेलेला नाही आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं. पण हेही खरं, की आमच्या चाळीत सौंदर्य होतं आणि ते आम्ही स्वतः आणलेलं होतं. दिवाळीला पूर्ण मजल्याच्या कॉमन पॅसेजमध्ये दारागणिक रांगोळी असायची. रात्री पाणी भरायला जाणारी माणसं तिच्यावर पाय पडू नये म्हणून भिंतीला घासून चालायची. मला दोन्ही हवंय, वरची मूर्तीही आणि खालची रांगोळीही. आता मी अशाच एका पालिकेच्या इमारतीत राहतो. जिन्याच्या दारावर 1950 च्या दशकातलं एका बगळ्याचं मोझेक आहे. गेल्या दिवाळीत त्याच्या खाली रांगोळी काढली. तीन दिवस कुणीही मोडली नाही.

*

मी नर्स आहे, नागपूरची. माझी जागा श्टाइनहोफची टेकडी. जुन्या मनोरुग्णालयाच्या आवारात वर, सोनेरी घुमटाचं चर्च आहे. 1907 मध्ये पूर्ण झालं, वास्तुकार पुन्हा वाग्नरच, काचचित्रं कोलोमान मोझरची. ते रुग्णांसाठी बांधलं होतं हे आत गेल्यावर मला हळूहळू उमगलं. बाकांचे कोपरे गोल केलेले, कुणाला लागू नये म्हणून. फरशी वेदीकडे उतरती, म्हणजे मागच्यालाही दिसावं. तीर्थाच्या पाण्यात सगळ्यांचे हात बुडून रोग पसरू नये म्हणून ते थेंबाथेंबानं वाहतं ठेवलेलं. मी वॉर्डात दिवसभर जी काळजी घेते, ती इथे दगडात आणि संगमरवरात दिसते.

पण त्याच आवारात, नाझी काळात, 'अम श्पीगेलग्रुंड' नावाच्या मुलांच्या रुग्णालयात आठशेच्या जवळपास आजारी आणि अपंग मुलांना मारलं गेलं. त्यांच्या स्मरणार्थ 772 दिव्यांचे खांब ओळीनं उभे आहेत. हिवाळ्यात संध्याकाळी उतरताना ते उजळलेले असतात. घुमट किती सुंदर आहे हे सांगताना त्या दिव्यांबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मी तिथे थांबते, मग बस पकडते.

*

गाणं शिकते, पुण्याची. लहानपणापासून 'सवाई'त सतरंजीवर बसून ऐकलेलं, त्यामुळे उभ्यानं गाणं ऐकणं ही कल्पनाच नवी होती. इथल्या श्टाट्सओपेरात, म्हणजे सरकारी ऑपेरागृहात, स्वस्तात ऐकायचं तर उभ्याची तिकिटं. मी जायला लागले तेव्हा आत गेल्यावर रेलिंगला स्कार्फ बांधायची पद्धत होती. स्कार्फ बांधला की ती जागा तुमची, मग खुशाल बाहेर फिरून यायचं, कुणी हात लावत नसे.

पहिल्या दिवशी हे मला माहीत नव्हतं आणि माझ्याकडे स्कार्फही नव्हता. शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या. त्यांनी माझ्या ओढणीकडे बोट दाखवलं, स्वतःच ती घेऊन रेलिंगला निरगाठ मारली आणि मला कॉफीला घेऊन गेल्या. वाग्नरचा ऑपेरा होता (हा वेगळा वाग्नर, संगीतकार). पाच तास. तिसऱ्या अंकात माझे पाय थरथरायला लागले तेव्हा त्या जरा सरकल्या आणि टेकायला मला खांबाची बाजू दिली. तीन वर्षं आम्ही तिथेच भेटतो आहोत, आडनावं अजून विचारलेली नाहीत. मला ट्यूशनमुळे उशीर होणार असला की त्या दोन स्कार्फ आणायच्या.

*

(धागा सुरू करणारी मीच.) उद्या गुरुवार आहे. मी सहा वाजता ब्रुगेलच्या दालनात असेन, डाव्या कोपऱ्यातल्या त्या दोघींना बघायला. कुणी येणार असेल तर मधल्या सोफ्यावर भेटू.