बॅटची जुनी स्कफ शीट काढताना लाकडाचे धस निघतायत, पुढे काय करू?

पहिली_स्लिप:
नमस्कार मंडळी, माझी इंग्लिश विलोची बॅट आहे, लेदर बॉलवर दोन सीझन पूर्ण झालेत आणि हा तिसरा. समोरची ट्रान्सपरंट शीट (स्कफ शीट) टोकडे, म्हणजे बॅटच्या खालच्या टोकाला, पिवळी पडलीये, आत फुगे आलेत आणि एका कोपऱ्यातून सुटून तिच्याखाली माती जाऊन बसलीये. म्हटलं काढून नवीन लावू. काल कोपरा धरून ओढली तर चार बोटं निघाली आणि शीटच्या डिंकाला चिकटून लाकडाचे तीन-चार बारीक धस पण वर आले, त्यातला एक बऱ्यापैकी लांब आहे. तिथेच हात थांबवला, आता पुढे ओढायचा धीर होत नाहीये. बॅटचा मिडल (बॉल सगळ्यात छान लागतो ती जागा) फार सुंदर आहे हो, अशी परत मिळेल की नाही माहीत नाही. उरलेली शीट कशी काढू? की तशीच ठेवून वरून नवीन चिकटवू? आणि मध्ये तेल लावायचं असतं का? टीममधे विचारलं तर तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या.

जुना_कीपर:
आधी एक, ओढायचं थांबलात हे फार बरं केलंत. आणि जुनीवर नवीन अजिबात चिकटवू नका, खालचे फुगे आणि माती तिथेच राहणार आणि वरची पण महिन्याभरात सुटणार.

आता काढायचं कसं. बहुतेक जण शीट वर ओढतात, म्हणजे बॅटपासून लांब, काटकोनात. तसं केलं की सगळा जोर लाकडाच्या वरच्या थरावर येतो आणि विलो मुळात मऊ लाकूड, पापुद्रा निघणारच. शीट स्वतःवरच दुमडायची आणि बॅटला जवळजवळ समांतर, सपाट मागे खेचायची, म्हणजे सुटलेला भाग चिकटलेल्या भागावर घासत मागे गेला पाहिजे. स्पीड किती, तर एका मिनिटात दोन-तीन बोटं, त्याहून जास्त नको. मी पूर्ण शीट काढायला पाऊण तास घेतो आणि तो वेळ वाया गेला असं मला कधी वाटलेलं नाही.

हेअर ड्रायर असेल तर मंद हीटवर ठेवा, वीतभर लांबून फिरवत राहा, एका जागी धरू नका. डिंक कोमट झाला की सैल पडतो तेवढंच हवंय. लाकूड हाताला गरम लागायला लागलं तर बंद करा, ओलावा उडून गेला की विलो ठिसूळ होते आणि मग पहिल्याच यॉर्करला टो फुटतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्रेन बघा. लाकडाचे तंतू अगदी सरळ नसतात, थोडे तिरके वर आलेले असतात, त्यामुळे एका दिशेने ओढलं की ते उचकटतात आणि उलट दिशेने ओढलं की बसून राहतात. तुम्ही टोकडून सुरू केलंय आणि धस येतायत, म्हणजे तिकडून सोडून द्या आणि वरून, स्टिकरच्या खालच्या कडेपासून टोकडे या. शंभरातल्या नव्वद वेळा फरक पडतो. आणि मध्येच एखादा धस शीटबरोबर यायला लागलाच तर तो उपटू नका, पातळ ब्लेड शीट आणि लाकडाच्या मधे घालून डिंकाच्या बाजूने कापा, लाकूड लाकडावरच राहू द्या.

विलोवेडा:
कीपर दादांनी काढायचं बरोब्बर सांगितलंय. पण मी म्हणतो नवीन शीट लावायचीच कशाला? माझी बॅट दोन वर्षं विनाशीट आहे, जवसाचं कच्चं तेल आणि व्यवस्थित नॉकिंग (मॅलेटने ठोकून लाकूड दाबून घेणं), एवढ्यावर मस्त चाललीये. मला तर आवाज आणि फील दोन्ही चांगले वाटतात, हाताला बॉल नीट कळतो. शीटमुळे बॅट वाचते असं लोक समजतात पण ती फक्त वरचा थर धरून ठेवते, आतून लाकूड दाबलेलंच नसेल तर शीटच्या खाली पण चिरतं, उलट शीट असली की चीर गेलेली लवकर कळत नाही.

जुना_कीपर:
विलोवेडा, फीलचं मान्य, तो ज्याचा त्याचा. पण यांची बॅट तिसऱ्या सीझनची आहे, फेसवर, म्हणजे बॉल लागतो त्या बाजूवर, बारीक रेषा असणारच आणि वर आता धस निघालेत. अशा लाकडाला वरून धरून ठेवणारं काहीतरी हवंच. शिवाय ओल्या ग्राउंडवर खेळत असतील तर शीट पाणी पण अडवते. नव्या कोऱ्या बॅटचा प्रश्न असता तर मी पण तुमच्या बाजूने बोललो असतो.

पहिली_स्लिप:
दोघांचे खूप आभार. मी सपाट ओढून बघतो. दोन गोष्टी अजून सांगा, जे धस आधीच निघालेत त्यांचं काय करू, आणि शीट निघाल्यावर जो चिकटपणा राहील तो घालवायला तेल लावलं तर चालेल का? डिंक तेलाने सुटतो असं ऐकलंय.

लाकूडकाम:
मी बॅटवाला नाही, फर्निचरचं काम करतो, पण घरातल्या सगळ्या पोरांच्या बॅटी माझ्याकडेच येतात म्हणून सांगतो. तेलाने डिंक सुटतो हे खरं, पण तेल लाकडात मुरतं आणि मग नवीन शीट त्या जागी पकड घेतच नाही. अंगठ्याने चोळून डिंकाच्या गोळ्या करून काढा, राहिलेल्यासाठी फडक्यावर थोडंसं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि पुसा. बॅटवर ओतायचं नाही, आणि खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस वगैरे पेटवलेला नको.

निघालेल्या धसांसाठी साधा पांढरा वुड ग्लू. टूथपिकच्या टोकाने धसाच्या खाली पार मुळापर्यंत सारा, धस बोटाने बसवा, बाहेर आलेला ग्लू ओल्या फडक्याने लगेच पुसा, वर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून टेपने घट्ट बांधा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. फेविक्विकसारखं काही वापरायचा मोह होतो कारण दोन सेकंदात काम होतं, केसासारख्या चिरेत ते जातंही छान, पण वाळल्यावर काचेसारखं कडक होतं. मार खाणाऱ्या जागेवर मी ते घालत नाही, बॉल बसला की तिथून तडकतं.

मग पॉलिश पेपर, आधी १८० नंबर आणि नंतर ३२० किंवा ४००, कायम ग्रेनच्या दिशेने, आडवा एकदा पण नाही. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, बोटाने घासलं तर खड्डे पडतात. गुळगुळीत झालं की थांबा, बॉलचे लाल डाग पूर्ण जायलाच हवेत असं काही नाही, त्या डागांपायी लोक नॉकिंग करून दाबलेला थर घासून काढतात.

जुना_कीपर:
यात माझी एक भर. सँडिंग झाल्यावर लाकडी मॅलेटने दहा-पंधरा मिनिटं फेसवर हलकं नॉकिंग करून घ्या, एजवर तिरकं, पंचेचाळीस अंशात, म्हणजे एज गोल दाबली जाईल. बरोबर कडेवर किंवा टोच्या तळावर सरळ कधीच मारायचं नाही. तेल लावायचंच असेल तर मागच्या बाजूला आणि एजला, बोटाने अगदी पुसट हात, स्प्लाइसला, म्हणजे हँडल बॅटमधे बसवलेलं असतं तिथे, अजिबात नाही कारण तिथला जोड सुटू शकतो. फेस कोरडाच ठेवा. फेसला चुकून तेल लागलंच तर दोन-तीन दिवस आडवी ठेवून पूर्ण मुरू द्या, मगच शीट.

शीट लावताना सगळा कागद एकदम काढू नका. वरच्या बाजूचा दोन बोटं काढा, शीट सरळ आहे ना बघा, चिकटवा, मग एका हाताने कागद खाली ओढत दुसऱ्या हाताने कोरड्या फडक्याने मधून कडेकडे दाबत या. फुगा राहिला तर लगेच उचलून परत लावा, अगदीच राहून गेला तर बारीक सुईने टोचून हवा काढा. कोपरे कात्रीने गोल कापा, चौकोनी कोपरा कशात तरी अडकून पहिला सुटतो. टोकडे शीट तळाच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडेच संपवा, नाहीतर स्टान्स घेऊन बॅट आपटत राहिलात की तिथूनच उचकटते. तुमची पण तिथूनच गेली असणार.

तिसरा_अंपायर:
सँडिंग-डिंकाचं मला कळत नाही, पण आमच्याकडे मॅचला बॅटी तपासायचं काम मी करतो म्हणून नियमाचं सांगतो. क्रिकेटच्या कायदा क्रमांक ५ प्रमाणे फेसवर संरक्षणासाठी किंवा रिपेअरसाठी आवरण चालतं, पण त्याची जाडी १ मिलिमीटरच्या आत हवी आणि बॉल खराब होता कामा नये. एक साधी शीट यात आरामात बसते. जुनी शीट, वर नवी, वर फायबर टेप असे थर चढवत गेलात तर अडचण येऊ शकते, हे पण एक कारण जुनी काढूनच नवी लावायचं. आवरणावरून मोठ्या लेव्हलला पण वाद झालाय, रिकी पॉन्टिंग वापरायचा त्या बॅटच्या मागच्या बाजूला ग्रॅफाइटची पट्टी होती, क्रिकेटचे कायदे ठरवणाऱ्या एमसीसी क्लबने हरकत घेतली आणि २००६ मधे ती बॅट मागे घ्यावी लागली.

पहिली_स्लिप:
दहा दिवसांनी येतोय, झालं काम! वरून टोकडे ओढायला सुरुवात केली आणि खरंच एकही धस आला नाही, मधे फक्त एका जागी जरासं उचकटल्यासारखं वाटलं तिथे ब्लेड घातलं. पन्नास मिनिटं लागली. शीट गेल्यावर टोजवळ एक इंचभर उभी चीर दिसली, जी शीटमुळे कधी दिसलीच नव्हती, विलोवेडा तुमचं ते म्हणणं एकदम पटलं. तिच्यात पण वुड ग्लू भरून दोरीने आवळून दीड दिवस ठेवली, मग पेपर, नॉकिंग, आणि काल रात्री शीट. एक फुगा राहिला होता, सुईने गेला. आज दिवसभर तशीच पडून राहू देतो, उद्या आधी जुन्या बॉलवर थ्रोडाउन (जवळून हाताने टाकलेले बॉल) घेऊन बघतो आणि टोजवळची चीर परत उघडली नाही तरच रविवारी मॅचला काढतो.

लाकूडकाम:
त्या चिरेवर नख फिरवून बघत जा दर मॅचनंतर. नख अडकलं तर खेळवू नका, शीटवरून लाईट तिरका पाडला तरी दिसेल.