एअर फ्रायर घ्यावा का? कढईवाले आणि डबेवाले, दोघांनीही या

मोहरी_तडतड

मंडळी, घरात दोन पक्ष पडलेत म्हणून विचारतेय. नवऱ्याचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला आणि त्या दिवसापासून त्याचं एअर फ्रायर एअर फ्रायर सुरू झालंय. सेलमध्ये कार्टात टाकून ठेवला होता, मी काढला, त्याने परत टाकला. साबांचं (सासूबाईंचं) एकच, "चाळीस वर्षं लोखंडी कढईत तळलं, कोणाला काय झालं?" (सासऱ्यांची बायपास झाली होती, पण हे त्यांच्यासमोर काढायची माझी टाप नाही.)

माझं मत नको असंच आहे. एक तर आम्ही तळतो किती? महिन्यातून दोनदा भजी नाहीतर वडे, आषाढात कापण्या आणि दिवाळीचं काय ते. त्यासाठी सहा-सात हजार घालवून ओट्यावर एवढं धूड कोण ठेवणार, डोंबिवलीतला ओटा आहे तो, मिक्सर काढला की पोळपाट ठेवायला जागा होते.

पण खरं कारण वेगळंय. मागच्या महिन्यात बहिणीकडे गेले होते, तिच्याकडे तीन वर्षांपासून आहे. बटाट्याच्या फोडी काढल्या तर एका फोडीला खालून नखाएवढा काळा पापुद्रा चिकटलेला. भाचीला वाटलं मिरी, ती खाऊन मोकळी. मी बास्केट खिडकीशी नेऊन उजेडात धरली तर जाळीच्या कडेने सगळीकडे खालचं चंदेरी दिसत होतं. म्हणजे तिथलं काळं गेलं कुठे? तीन वर्षांत पोरांच्या पोटातच ना. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. तेल वाचवायचं आणि टेफ्लॉन खायचं, हा कसला सौदा?

वाकडचा_एकटा

ताई, नावात फ्रायर आहे ना तिथेच सगळा घोळ झालाय. तळण विसरा, तो छोटा ओव्हन आहे, वर कॉइल, वर पंखा, गरम हवा खाली जोरात फिरते, बस. मी भाड्याच्या फ्लॅटवर राहतो, गॅसचं कनेक्शन नाही, एक इंडक्शन आणि हा डबा यावर दोन वर्षं काढलीत. शेंगदाणे १६० वर दहा मिनिटं, मध्ये एकदा हलवायचे, कढईसमोर उभं राहून घाम गाळायचा नाही. भरताचं वांगं टोचून तेल लावून २०० वर पंचवीस मिनिटं (धुराचा वास येत नाही हे कबूल, तेवढं सहन करतो). सुरमई रव्यात घोळवून ब्रशने तेल लावून टाकतो, घरभर वास नाही आणि घरमालकीण खूश. कालचा समोसा परत खायचा असेल तर याला तोड नाही, मायक्रोवेव्हमध्ये त्याचं चामडं होतं.

वीज म्हणाल तर १५०० वॉट, पंधरा मिनिटं सलग ओढली असं धरलं तरी अर्धा युनिट पण नाही. युनिटला बारा रुपये पकडा, साडेचार रुपये. माझ्याकडे तेलाची लिटरची पिशवी महिनाभर जाते.

खमंग_पेठ

एकट्याला पुरतो म्हणून सगळ्यांना पुरेल असं नाही रे बाबा. पाच माणसांना चार लिटरच्या डब्यात वडे करायचे म्हणजे तीन घाणे, एकेक वीस मिनिटांचा. पहिल्याचं खाऊन होतं तरी शेवटचा उपाशी.

आणि मी भजी केलीयेत बरं का त्यात, हौसेने. पीठ सैल होतं, ते कांद्यावरून ओघळून जाळीच्या भोकांतून खाली गेलं, पंख्याने उरलेल्याला एका बाजूला शेपट्या आणल्या, आणि वीस मिनिटांनी जे निघालं ते खरवडायला अर्धा तास लागला. सोपं आहे, तेलात पीठ पडलं की चहूबाजूंनी एकदम चटका बसतो, वरचं कवच त्याच क्षणी धरतं. हवेला तो जोर नाही. हवा वाळवत वाळवत भाजते. म्हणून पुरी फुगत नाही, पापडी होते. जे आधीच धरलेलं आहे ते चांगलं होतं, उकडलेली कोथिंबीर वडी, अळूवडी, फ्रोझन फ्राइज. पण त्या वड्या मी तव्यावर चार चमचे तेलात परततेच की, त्याला सात हजारांचं यंत्र कशाला?

वाकडचा_एकटा

आणि भजी झाल्यावर कढईत उरलेल्या तेलाचं काय करता ते पण सांगा की. फूड सेफ्टीवाल्यांनी २०१८ पासून हॉटेलांना नियम लावलाय, तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल परत परत तापवलं की तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल फेकायचं. घरी कोण मोजतंय? आमच्या आईचं तळणाचं तेल गाळून बरणीत जातं आणि पुढचे पंधरा दिवस आमटीच्या फोडणीला. तो काळपट वास मला अजून आठवतो.

खमंग_पेठ

माझीही बरणी आहे. विषय बदलू नकोस.

रसायनकर

कोटिंगबद्दल थोडं बोलतो, रोजीरोटी पॉलिमरवर आहे म्हणून.

टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, १९३८ मध्ये ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेटला चुकून सापडला. याचा मोठा गुण म्हणजे तो कशाशीच रिअ‍ॅक्ट होत नाही, म्हणून तर अन्न चिकटत नाही. तुमच्या भाचीने खाल्लेला पापुद्रा पोटातून जसाच्या तसा बाहेर गेला असणार, पचण्यासारखं त्यात काही नसतं. त्याची काळजी सोडा. बास्केट मात्र बदला, उघड्या पडलेल्या जागी अन्न चिकटणार आणि उरलेलं पण सुटत जाणार.

धोका तापमानाचा. साधारण २६० अंशांच्या वर पीटीएफई हळूहळू बिघडायला लागतो आणि ३५० च्या पुढे चांगलाच विघटित होतो, तो धूर माणसाने हुंगला की फ्लूसारखा ताप येतो. मोठ्या गॅसवर रिकामा नॉनस्टिक तवा ठेवून फोनवर बोलत बसलं की काही मिनिटांत तिथवर जातो. एअर फ्रायरला थर्मोस्टॅट असतो आणि बहुतेकांचा काटा २०० लाच संपतो. म्हणजे गंमत बघा, कोटिंगची भीती वाटत असेल तर आधी गॅसवरचा डोशाचा तवा काढा, डबा नंतर.

खमंग_पेठ

आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) २०२४ च्या आहाराच्या पुस्तिकेत १७० अंश लिहिलंय, २६० नाही. तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं. आणि हा डबा रोज १८० वर चालतो. आता बोला.

रसायनकर

लिहिलंय, मान्य. पण ते गॅसवर बराच वेळ रिकाम्या ठेवलेल्या तव्याबद्दल आहे, आणि १७० हा आकडा मला तरी फार सावध वाटतो. तेवढ्यावर कोटिंग जळत असतं तर साधा डोसा करताना धूर निघाला असता. मातीची भांडी सगळ्यात सुरक्षित असंही त्यातच आहे, घेता का?

मला विचाराल तर डब्यात कोटिंगपेक्षा करपवणं वाईट. बटाटा १२० अंशांच्या वर गेला की त्यात अ‍ॅक्रिलामाइड, म्हणजे कॅन्सरचा संशय असलेलं रसायन, तयार होतं, हे २००२ मध्ये स्वीडनमध्ये लक्षात आलं. ते कढईतही होतं आणि डब्यातही, हवा लागली म्हणून सुटका नाही. फोडी अर्धा तास पाण्यात ठेवा, पुसून घ्या आणि सोनेरी झाल्या की काढा. चॉकलेटी होईपर्यंत थांबू नका.

पोपटवाली

आमच्या स्वयंपाकघरात लव्हबर्ड्सचा पिंजरा आहे. मग चालेल का?

रसायनकर

नाही. पिंजरा आजच दुसऱ्या खोलीत न्या, डबा घ्या अथवा नका घेऊ. पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात, तापलेल्या नॉनस्टिकच्या धुराने माणसाला खोकलाही येत नाही तोवर पक्षी मरतात.

दोन_घरची_भांडी

कोटिंग का जातं ते सांगते, कारण आमचं चौथ्या महिन्यात गेलं. मावशी तारेच्या घासणीने बास्केट अशी काही घासायच्या की तांब्याचा हंडाच, आणि लख्ख झाली की मला दाखवायच्या, बघा ताई कसं निघालं. आता निघालं ते कोटिंग होतं हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, चूक माझीच, मी सांगितलंच नव्हतं. आता बास्केट मीच धुते. गरम असताना पाणी ओतायचं नाही, जेवणं होईपर्यंत साबणाच्या पाण्यात भिजत ठेवायची आणि मऊ स्पंज. आत स्टीलचा चिमटा नाही, लाकडी. आणि तो तेलाचा स्प्रे कॅन मिळतो तो नको, त्यातल्या लेसिथिनचा पिवळा चिकट थर बसतो, मग तो काढायला परत घासणी आलीच.

वाशिष्ठीकाठ

सगळे बास्केटमध्येच डोकं घालून बसलाय. पापुद्रा पोटातून निघून जातो, बरं झालं. पण तो पापुद्रा जिथे बनतो तिथल्या माणसांचं काय?

अमेरिकेत पार्कर्सबर्गला टेफ्लॉनच्या कारखान्यातून पीएफओए (टेफ्लॉन बनवताना लागणारं रसायन) नदीत आणि मग पिण्याच्या पाण्यात गेलं. सुमारे ६९ हजार लोकांची रक्ताची तपासणी झाली आणि किडनीच्या आणि वृषणाच्या कॅन्सरसकट सहा आजारांशी संबंध निघाला. इटलीत विचेन्झाजवळ मितेनी नावाची कंपनी होती, तिने याच जातीच्या रसायनांनी साडेतीन लाख लोकांचं भूजल नासवलं, २०१८ मध्ये दिवाळं काढलं, आणि जून २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने अकरा अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांची शिक्षा सुनावली. आता ऐका, त्या बंद कारखान्याची यंत्रं लिलावात कोणी घेतली? आपल्याकडच्या कंपनीने. आणि आणली कुठे? लोटे परशुरामला. कोकणातल्या खेडपासून अर्ध्या तासावर. दाभोळच्या खाडीतल्या मच्छीमारांना आधीच एमआयडीसीच्या सांडपाण्याने काय दिलंय ते त्यांनाच विचारा.

डोंबिवलीकरांना तरी हे वेगळं सांगायला नको, तुम्ही एमआयडीसीच्या उशाशीच राहता. माझ्याकडे बिडाचा तवा आणि लोखंडी कढई आहे, पुढेही तेच राहील.

रसायनकर

लोट्याची काळजी रास्त आहे, पण एक गोष्ट नीट करू. तिथे तव्याचं कोटिंग बनत नाही, औषधं आणि कीटकनाशकांना लागणारी फ्लोरिनवाली रसायनं बनवायची म्हणून ती यंत्रं आलीत. एअर फ्रायर घेतला नाही म्हणून लोटे थांबणार नाही.

आणि पीएफओए हे कोटिंग बनवताना लागायचं, तयार भांड्यात नावाला उरायचं. २०२३ मध्ये कॅन्सर संशोधनाच्या जागतिक संस्थेने ते पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे पक्कं. मोठ्या कंपन्यांनी ते दहा वर्षांपूर्वीच सोडलंय.

वाशिष्ठीकाठ

सोडलं आणि जागी काय आणलं? जेनएक्स. त्याच भावकीतलं. खोक्यावर "पीएफओए-फ्री" लिहिलं की माणसं विष नाही असं वाचतात, लिहिलेलं असतं की ते एक विष नाही.

रसायनकर

इथे तुमच्याशी वाद नाही.

आइंडहोवन_आजी

नातवासाठी लेकीकडे नेदरलँड्सला आलेय तर लिहिते. ज्या कंपनीने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात हा डबा पहिल्यांदा मांडला ती फिलिप्स याच गावची, इथे घरोघरी आहे, शेजारीण रात्रीचं जेवणच त्यात करते. आणि याच देशात २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं की परसातल्या कोंबड्यांची अंडी खाऊ नका, त्यात पीफास (पीएफओए, जेनएक्स ज्या भावकीतले ती रसायनं) सापडलंय. नुसतं कारखान्याच्या गावात नव्हे, अख्ख्या देशात. माझ्या लेकीच्या चार कोंबड्या आहेत. अंडी रोज घालतात, आम्ही उचलतो आणि फेकतो. वाईट वाटतं हो.

म्हणून लेकीने जुना डबा काढून काचेच्या भांड्याचा आणलाय. आतलं दिसतं, कोटिंगची भानगड नाही. जड आहे, माझ्या मनगटाला झेपत नाही. आणि पदार्थ ठेवायची खालची जाळी मात्र तपासून घ्या, काही काचेच्या डब्यांना ती कोटिंगचीच असते, मग काचेचे पैसे कशाला दिले? "सिरॅमिक" लिहिलेलं म्हणजे चिनीमाती नव्हे हेही इथेच कळलं, अ‍ॅल्युमिनियमवर सिलिकाचा थर असतो, टेफ्लॉन नसतं पण तो चिकटायलाही लवकर लागतो.

खमंग_पेठ

आजी, तुमच्या लेकीचा बिडाचा तवा कुठे आहे ते विचारा आधी.

आइंडहोवन_आजी

मीच आणलाय, सामानातून. विमानतळावर बॅग उघडायला लावली होती.

मोहरी_तडतड

सगळ्यांना थँक्यू. पापुद्र्याची भीती गेली, लोट्याची नवीन बसली, असं झालंय. बहिणीला बास्केट बदलायला सांगितलं तर म्हणे नवी बास्केट अडीच हजारांना आणि तीही दोन आठवड्यांनी, तेवढ्यात ती परत फोडी करणारच.

आमच्याकडे तोडगा निघालाय. नणंदेचा डबा माळ्यावर पडून होता, दोनदा वापरलेला, कोटिंग शाबूत. तो महिनाभर आणलाय, नवीन काही विकत घ्यायचं नाही या अटीवर. पहिल्याच दिवशी नवऱ्याने पापड टाकला, तो उडून वर कॉइलला चिकटला आणि घरभर धूर. साबा काही बोलल्या नाहीत, फक्त कढई काढून ओट्यावर ठेवली, रिकामी.

आज मात्र त्यांनी स्वतः अळूवड्या उकडून कापून दिल्यात. दोन चमचे तेल चोळून १८० वर लावल्यात, आठ मिनिटं झाली. टायमरसमोर खुर्ची टाकून बसल्यात आणि दर मिनिटाला विचारतायत, आता उघडू का.

दोन_घरची_भांडी

उघडा आणि उलटा, नाहीतर वरून करपतील. लाकडी चिमट्याने!