अनुभव: श्रद्धेवरून वाद झाला तेव्हा तुम्ही काय केलंत?

सांजवात: काल भाचीने विचारलं, "मावशी, तू देव मानतेस, मग बाबा एवढं बोलतात तेव्हा गप्प का बसतेस?" तेव्हा होस्टेलची रूममेट आठवली. ती पक्की नास्तिक, मी रोज प्रार्थना करणारी. रात्र रात्र भांडायचो. ती म्हणायची, सिद्ध कर. मी म्हणायचे, ते जमणार नाही, पण म्हणून सोडणारही नाही. सकाळी मी डोळे मिटले की ती मुकाट्याने रेडिओ बारीक करायची. भाऊजींना उत्तर नको असतं, माघार हवी असते. तिथे मी सरळ उठून जाते. तुमचं काय?

दगडोबा: इकडे उलटं. घर सगळं श्रद्धाळू, मी एकटा न मानणारा. आईला धरून पायऱ्या चढवतो, दारात थांबतो, हात जोडत नाही. आधी रडायची. आता पर्स माझ्याकडे देऊन आत जाते.

चिमणराव२: शेवटी विश्वास बसला म्हणायचा 😀

कायदाबाज: केरळमधली यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला उभी राहायची, श्रद्धेमुळे गायची मात्र नाहीत. १९८५ मध्ये शाळेने काढलं. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं, कलम २५ म्हणजे धर्मस्वातंत्र्य वगैरे. उभं राहिलं म्हणजे अनादर नाही, असं कोर्टाने मानलं. मला हे फार पटतं.

अर्धीभाकर: नवऱ्याचा धर्म वेगळा. लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे कुणीच काही बदलायचं नाही. सासूबाई अजून विचारतात, "कधी येतेस आमच्यात?" मी म्हणते, "आधी तुम्ही या." दोघी हसतो. विषय मात्र मिटलेला नाही, दर सणाला निघतोच.

दगडोबा: @अर्धीभाकर, मुलांचं काय ठरवलंत?

अर्धीभाकर: त्यावर वेगळा धागा लागेल हो. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

निशिगंध: मला आंध्रातले समाजसुधारक गोरा यांची आठवण झाली. कट्टर नास्तिक, तरी सेवाग्रामला गांधीजींकडे जाऊन राहिले, वाद घातले. गोरांच्या मुलीच्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा विधीत ईश्वराऐवजी सत्याचं नाव घ्यायला गांधीजी राजी झाले. दोघांपैकी कुणी मत सोडलं नाही. आमच्या फॅमिली ग्रुपवर असं होणं नाही, तिथे मी फक्त वाढदिवसाला उगवते.

चिमणराव२: फॅमिली ग्रुप +१. म्यूट करणे हाच मोक्ष.

सांजवात: @कायदाबाज, त्या खटल्याचं नाव काय? भाचीला निबंध आहे.

कायदाबाज: बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य. निबंध कधी द्यायचाय?

सांजवात: उद्या 🙈