तारखांचा घोळ: डिसेंबर आला कुठून?

आकडेमोड:
मंडळी, तीन ठिकाणच्या सीएसव्ही फाइली (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले साधे तक्ते) मी आधी जोडल्या आणि मग तारखा सुधारायला बसलो. (हो, उलटं केलं, माहीत आहे.) एकाच कॉलमात १७/०८/२०२२, ०८-१७-२२, '१७ ऑगस्ट २०२२' आणि मधूनच नुसतं ४५०००. हे आकडे बाजूला काढून बाकीच्यांना पांडाजमध्ये (पायथनची तक्ते हाताळायची लायब्ररी) 'मिक्स्ड' फॉरमॅट (प्रत्येक तारखेचं रूप वेगळं ओळख) आणि 'डेफर्स्ट' (दिवस आधी धर) लावलं. एकही एरर नाही, मी खूश! मग महिनावार बेरीज काढली, तर डिसेंबर २०२३ मध्ये नोंदी. नोंदी घेणंच त्याच वर्षीच्या सप्टेंबरात थांबलं होतं. दोन रात्री गेल्या, काही सुचत नाहीये.

रात्रपाळी:
डिसेंबरातल्या नोंदी कितव्या तारखेच्या आहेत ते बघा. सगळ्या १ ते ९ मधल्याच असतील, पैज लावतो.

आकडेमोड:
बाप रे, खरंच! ९ च्या पुढची एकही नाही. कसं ओळखलंत?

रात्रपाळी:
तुमच्या एका फाइलीत महिना आधी लिहिलाय, तिथे ०५-१२-२३ म्हणजे १२ मे. 'डेफर्स्ट'मुळे ते ५ डिसेंबर झालं. नोंदी सप्टेंबरपर्यंतच्याच, म्हणून उलटून दिवस बनलेला महिना ९ च्या पुढे जात नाही. हा पर्याय सक्तीचा नाही: ०८-१७-२२ मध्ये सतरावा महिना नसतो म्हणून तो गुपचूप महिना आधी धरतो आणि तारीख बरोबर येते. म्हणजे त्या फाइलीतल्या १२ च्या पुढच्या तारखा शाबूत, १२ पर्यंतच्या उलट्या. वर्षात अशा १३२ तारखा दोन्ही बाजूंनी खऱ्या वाटतात. जोडलेली फाइल विसरा. मूळ तिन्ही वेगवेगळ्या वाचा, प्रत्येकीला तिचा फॉरमॅट स्पष्ट द्या, सगळं २०२२-०८-१७ अशा आयएसओ ८६०१ (तारखा लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) रूपात आणा, मगच जोडा.

जुनी शीट:
४५००० हा एक्सेलचा दिवसांचा आकडा, १५ मार्च २०२३. पांडाजमध्ये ओरिजिन (जिथून दिवस मोजायचे ती तारीख) ३० डिसेंबर १८९९ द्या. १ जानेवारी १९०० हा एक्सेलचा पहिला दिवस, पण कधी नव्हतीच ती २९ फेब्रुवारी १९०० पण तो मोजतो, म्हणून ओरिजिन आणखी एक दिवस मागे. फाइल १९०४ च्या पद्धतीतली (१९०४ पासून दिवस मोजणारी) निघाली तर १४६२ दिवसांचा फरक पडेल, तेवढं तपासा.

आकडेमोड:
दोन फाइली सुटल्या, डिसेंबर गायब. तिसरी मात्र कुणीतरी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली निघाली, काही तारखा तिथेच उलटल्यात. मूळ प्रत मागवलीय. तोवर तिच्यातल्या शंकास्पद तारखा रिकाम्या ठेवल्यात, अंदाजाने भरल्या नाहीत.