कोल्हापूर विमानतळावरची जाहिरात
कुणीतरी म्हटलंय की उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, दिवसाला मूठभर फ्लाइट, तिथं जाहिरात म्हणजे पैसे पाण्यात. मला नाही पटत. एटीआरमधून, म्हणजे त्या छोट्या पंख्याच्या विमानातून, 70-75 माणसं उतरतात हे खरं, पण ती कोण ते बघा ना, शेजारच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्रीवाल्यांकडं आलेले परचेसवाले, बाहेर सेटल झालेली आपलीच मंडळी आणि अंबाबाईला आलेले लोक. हायवेच्या होर्डिंगला हे गिऱ्हाईक असं एकगठ्ठा घावतंय व्हय?

फक्त जागा बघून घ्या. चेक-इनजवळचा बोर्ड कोण वाचत नाही, तिथं सगळे आधार कार्ड शोधण्यात गुंग. बॅगेच्या बेल्टपाशी मात्र माणूस ट्रॉली धरून नुसता उभा असतो, फोनला रेंज येईपर्यंत समोरचंच बघतो. आणि मजकूर कसला, तर 'विश्वासाची परंपरा' अन् मालकाचा हसरा फोटो! अरे बाबा, चप्पल विकताय तर दुकान कुठल्या गल्लीत, किती वाजेपर्यंत उघडं तेवढं लिहा की ठळक. 2019 ला कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, तेही टाका. परतीच्या गिऱ्हाइकासाठी सिक्युरिटीनंतर बसायच्या जागेत वेगळा बोर्ड, आणि त्यावर घरपोच कुरिअरचा नंबर, कारण तिथून परत गावात कोण येणार.