मदत हवी आहे : परसात पोपटी लावायची आहे, भांबुर्डीचा पाला मिळत नाही

नमस्कार मंडळी. माहेर अलिबागकडचं, घर नाशिकला. परसात शेकोटीसाठी विटांचा गोल खड्डा केलाय, आणि या थंडीत त्यातच पोपटी, म्हणजे मडक्यात पाल्यासोबत भरून जाळावर भाजलेल्या वालाच्या शेंगा, लावायची फार इच्छा आहे. वालाच्या शेंगा भाऊ पाठवतोय, पण भांबुर्डीचा पाला इथे पोचेपर्यंत सुकून जाईल. मडक्याच्या तळाला आणि तोंडाला दुसरा कुठला पाला चालेल? केळीचं पान कृपया सुचवू नका. त्याने वाफ कोंडते, पण भांबुर्डीचा तो उग्र वास शेंगांना लागत नाही, आणि माझ्या मते पोपटीची खरी चव त्या वासातच आहे.

दुसरं म्हणजे, तिकडे मोकळ्या शेतात मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, पालापाचोळा पेटवतात, अर्ध्या-पाऊण तासात होते. खड्ड्यात वारा कमी लागेल, मग जाळ किती वेळ ठेवावा? मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र होऊन लगेच सुकतं, ती खूण माहीत आहे. पण शेंगा, बटाटे, अंडी यांच्याबरोबर मसाला लावलेलं चिकनही घालणार आहे, ते कच्चं राहायला नको. मडकं नवंच आहे, आधी भिजवून ठेवावं का?

शहरात कुणी लावली असेल तर जरूर सांगा.