मदत हवी आहे : शिफ्टवाल्यांसाठी ‘जैविक घड्याळ’ कसं समजवावं?

तीन पाळ्यांच्या (७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७) कामगारांसाठी झोपेवरचं मराठी माहितीपत्रक करायचं आहे. पहिली अडचण शब्दाची. ‘बायोलॉजिकल क्लॉक’ म्हटलं की बरेच जण मूल होण्याचं वय समजतात. खरं तर ते घड्याळच नव्हे. बीजांडांचा साठा संपत जातो, फेरा परत येत नाही. इथे अभिप्रेत आहे ती मेंदूतल्या सुमारे २०,००० पेशींनी चालवलेली, २४ तासांहून किंचित मोठी रोजची लय. ‘दिनलय’ कळेल का? की आणखी सोपा शब्द आहे?

दुसरा प्रश्न उजेडाचा. एरवी सकाळी ७ला उठणाऱ्याचं शरीराचं तापमान पहाटे ५च्या सुमारास सर्वांत कमी असतं. त्याआधीचा उजेड झोपेची वेळ पुढे ढकलतो, नंतरचा अलीकडे ओढतो. रात्रपाळीवाल्याची झोपेची वेळ पुढे सरकायला हवी, म्हणजे पहिल्या रात्रपाळीनंतर घरी जातानाचं ऊन नेमकं उलटं काम करतं. उपाय गडद गॉगल. पण पेंगत दुचाकी चालवणाऱ्याला तो सांगणं धोक्याचं. कंपनीच्या बसने जाणाऱ्यांपुरताच लिहावा का?

तिसरं, पाळ्यांचा क्रम. पहिली, दुसरी, रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला सोपा, हे ठरलंय. पण आठवड्याने बदल केला तर लय जेमतेम सरकते तोच पाळी बदलते. दोन-दोन दिवसांची फिरती पाळी कुणी राबवली आहे का? रात्रीनंतर सुट्ट्या किती दिल्या, एक की दोन?